लॅपटॉपचा माइक बिघडल्यास लिनक्सवर मोबाइलचा माइक वापरता येतो का?

आपल्या लॅपटॉपचा माइक बंद पडला आहे, त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि नवा माइक न घेता अँड्रॉइड मोबाइलवर भागेल का, असे आपण विचारले आहे. भागते. मी नाशिकला पंचवटीत राहतो, घरूनच हिशेबाच्या ऑनलाइन शिकवण्या घेतो आणि वर्षभर माझा आवाज विद्यार्थ्यांपर्यंत मोबाइलमधूनच जातो आहे.

वाय-फायवर चालणारी ॲप मी वापरून पाहिली, पण आवाज तुटत असे. म्हणून आता साधी यूएसबी केबल आणि स्क्रीनकॉपी हा मुक्त प्रोग्रॅम वापरतो. (त्याचे नाव इंग्रजीत scrcpy असे अक्षरे गाळून लिहितात, हे शोधताना लक्षात असू द्यावे.) माइकचा आवाज घेण्याची सोय त्याच्या २.१ या आवृत्तीत २०२३ साली आली. उबंटू २२.०४ च्या सॉफ्टवेअर भांडारात १.२१ ही जुनी आवृत्ती मिळते आणि तिच्यात आवाजाची सोयच नाही, तेव्हा नवी आवृत्ती प्रकल्पाच्या पानावरून घ्यावी. मोबाइलवर अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचे हवे. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करावे आणि प्रोग्रॅम चालवताना व्हिडिओ बंद व ऑडिओ सोर्स माइक असे पर्याय द्यावेत.

इथवर सगळे नीट होते आणि नेमके इथेच माणूस अडकतो, कारण आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून वाजू लागतो, तोच पुन्हा मोबाइलमध्ये शिरून शिट्टी घुमते आणि मीटिंगमध्ये मात्र आपण मुकेच राहतो. संगणकाच्या लेखी हा प्रोग्रॅम गाणी वाजवणाऱ्यासारखाच असतो. आलेला आवाज माइकचा आहे हे त्याला आपणच सांगावे लागते. त्यासाठी टर्मिनलमध्ये पॅक्टल (pactl) या आज्ञेने नल सिंक, म्हणजे आवाज गिळणारा खोटा स्पीकर, तयार करावा आणि पाव्हूकंट्रोल (pavucontrol) या आवाज नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्लेबॅक टॅबमधून स्क्रीनकॉपीचा आवाज तिकडे वळवावा. त्या सिंकचा मॉनिटर, म्हणजे त्यात गेलेला आवाज परत घेण्याची वाट, ब्राउझरच्या माइकच्या यादीत बहुधा दिसत नाही, म्हणून त्यावर रीमॅप सोर्स हे मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, पॅक्टलनेच चढवावे लागते; मग यादीत सरळ नवा माइक दिसतो. संगणक बंद केला की नल सिंक आणि रीमॅप सोर्स ही दोन्ही मॉड्यूल जातात, त्यामुळे मी त्यांच्या आज्ञांच्या दोन ओळी लॉगिनबरोबर चालणाऱ्या छोट्या फाइलीत ठेवल्या आहेत.

मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, डब्याला टेकवून उभा ठेवावा. गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत ढोलाचा सराव चालतो, तेव्हा या जवळिकीमुळेच माझे बोलणे वरचढ राहते. डू नॉट डिस्टर्ब मात्र आठवणीने लावावे. एकदा ताळेबंद जुळवत असताना माझी रिंगटोन सगळ्या वर्गाने ऐकली होती.