तुझ्या एकशे चाळीस लिंका आणि माझी दोनशे पानी वही

अगं,

तुझी ती एकशे चाळीस वेबसाइटच्या लिंकांची एक्सेल मिळाली. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि उघडली, विसाव्या लिंकेपर्यंत चहा गार झाला आणि मी पण. वाईट वाटून घेऊ नकोस, कॉलम झकास पाडलेस, नाव, लिंक, फुकट का पैसे, रंगबिंग पण दिलेस, पण "मी यावर काय केलं" असा कॉलमच नाहीये त्यात. आणि वर विचारतेस, काका यातली बेस्ट कुठली. आप्पा बळवंत चौकात जाऊन "सगळ्यात चांगलं पुस्तक द्या" म्हटलंस तर दुकानदार काय म्हणेल? कितवीचं, आधी ते सांगा म्हणेल, आणि पुण्यातला असेल तर तेवढंही म्हणणार नाही.

मी हा साइट शोधायचा उद्योग २००५ च्या आसपास सुरू केला, तेव्हा घरी नेट नव्हतं, पेरूगेटजवळ एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून बसायचो आणि मीटर पडत असल्यामुळे काय काय शोधायचं ते घरूनच वहीत लिहून न्यायचो. ती सवय लागली ती लागली. अजून पण नवीन काही सापडलं की वहीत दोन ओळी, काय करायला गेलो होतो आणि झालं का. बस. पाचवी वही चालू आहे, दोनशे पानी, हिने दोनदा रद्दीत घातली होती, दोन्ही वेळा परत काढून आणली.

त्या वहीतलं एक पान सांगतो. दोन उन्हाळे मी आमच्या सेक्रेटरींशी भांडत होतो की पाण्याचा पंप खराब झालाय, दुपारी सारखा टुक टुक टुक टुक आवाज येतो, बेअरिंग गेलं असणार. ते म्हणायचे पंप बंद आहे हो दुपारचा. शेवटी एकदा आवाज चालू असताना खाली जाऊन पंपाला हात लावून बघितला, गारच होता, आणि आवाज येत होता वरून, पिंपळातून. मग झेनो-कँटो म्हणून एक साइट आहे, २००५ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली, जगभरातले लोक पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून तिथे टाकतात, फुकट ऐकता येतात. तिथे भारतातले नेहमीचे पक्षी एकेक करून लावत बसलो आणि अर्ध्या तासात सापडला, तांबट! मूठभर हिरवा पक्षी, तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसा आवाज, म्हणून तर नाव तांबट. सेक्रेटरींना जाऊन ऐकवलं, ते फक्त "बरं" म्हणाले. आता फोनवर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन अॅप आहे, ते आवाज ऐकून डायरेक्ट नाव सांगतं, तू ते वापरशील, वापर की. पण मला ती साइट कोणी "टॉप टेन" मध्ये दाखवली असती तर मी बघून पुढे गेलो असतो, पंपामुळे लक्षात राहिली.

म्हणून तुझी यादी उलटी कर. आधी घरातला अडलेला प्रश्न, मग साइट. तुझी आजी बोलताना असे कितीतरी शब्द वापरते जे तुला कळत नाहीत आणि तू नुसतं हं हं करतेस, मी बघितलंय. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातले जुने शब्दकोश ऑनलाइन ठेवलेत, त्यात मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश पण आहे. आजीचा एकेक शब्द टाकून बघ. एक गोष्ट लक्षात ठेव, तिथलं स्पेलिंग जुनं, "करणें" असं डोक्यावर अनुस्वार देऊन, कारण ते न बोलले जाणारे अनुस्वार गेले १९६२ च्या नियमांनंतर, तेव्हा शब्द मिळाला नाही तर नसेलच असं समजू नकोस, अनुस्वार देऊन परत टाक. मी एक शब्द बघायला जातो आणि त्याच्या खालच्या म्हणी वाचत रात्रीचे बारा वाजतात.

आता नकाशाचं. तुझ्या यादीत ओपनस्ट्रीटमॅपपुढे तू लिहिलंयस "गूगल मॅप्ससारखंच". नाही ग. तो २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला नकाशा आहे आणि तो आपण भरायचा असतो, तू, मी, कोणीही. मी ज्या वाड्यात वाढलो त्याच्या शेजारून एक बोळ जातो, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं इतका अरुंद, पण पेठेतल्या माणसाची दहा मिनिटं वाचतात. कुठल्याच नकाशावर नव्हता. खातं काढलं, ब्राउझरमध्येच त्यांचा एडिटर उघडतो, खाली सॅटेलाइटचा फोटो, त्यावर एक एक टिंब देत रेघ ओढायची आणि ही चालायची वाट आहे असं सांगायचं, झालं. फोटोत नुसती कौलं आणि पत्रेच दिसत होते त्यामुळे माझी रेघ पहिल्यांदा एका घराच्या स्वयंपाकघरातून गेली, मग संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन पावलं मोजत चाललो आणि येऊन नीट केली. दुसऱ्या कंपनीचा नकाशा बघून उतरवायचं नाही हा तिथला कडक नियम आहे आणि मला तो फार आवडतो, कारण मग बाहेर पडून बघावंच लागतं. गेल्या वर्षी तिथला एक वाडा पाडून बिल्डिंग झाली, बोळाच्या तोंडाला गेट लागलं. त्या रात्री परत बसलो आणि ती वाट "खासगी" करून टाकली. टाकताना कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू.

(याच माहितीवर ऑरगॅनिक मॅप्स नावाचं अॅप चालतं, नकाशा आधीच उतरवून ठेवला की रेंज नसली तरी अडत नाही, सिंहगडाच्या मागच्या बाजूला वगैरे जाताना घेऊन जा.)

आता जरा कान पकडतो. तुझ्या यादीत पीडीएफ छोटी करायच्या, जोडायच्या, वर्डमधून बदलायच्या सतरा साइट आहेत. सतरा! मी स्वतः शहाणपणा केलेला आहे म्हणून सांगतो. फ्लॅटच्या कराराचा स्कॅन मेलला जात नव्हता, साइज मोठी, घाईघाईत पहिली दिसली त्या साइटवर चढवला, छोटा झाला, पाठवला, आणि रात्री झोपताना डोक्यात आलं की अरे, त्यात सह्या, पॅन नंबर, आधारची झेरॉक्स सगळं होतं आणि ते मी कुणाच्या कॉम्प्युटरवर देऊन आलो ते मलाच माहीत नाही. पुढे काही झालं नाही, किंवा झालं असेल तर मला कळलेलं नाही. तेव्हापासून एक टेस्ट करतो. साइटचं पान उघडायचं, पूर्ण लोड होऊ द्यायचं, मग वायफाय बंद करायचं आणि एखादी फालतू फाइल देऊन बघायची. काम झालं तर ते तुझ्या मशीनवरच झालं, फिरत राहिलं तर फाइल बाहेर पाठवायला बघतंय. फोटोपी हे फोटो एडिटिंगचं आहे ना तुझ्या यादीत तेविसाव्या नंबरला, ते या टेस्टमध्ये पास होतं, फाइल आपल्याकडेच राहते. नातेवाइकांचे लग्नातले फोटो मी त्यावरच उजळ करून देतो आणि लोकांना वाटतं काका फोटोशॉप शिकले.

तसंच ट्रॉय हंट म्हणून एका ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ साली काढलेली हॅव आय बीन पोन्ड. ईमेल टाकलास की सांगते तुझी माहिती कुठल्या कुठल्या चोरीत बाहेर आलीये. टाकून बघ आणि मग सगळीकडे एकच पासवर्ड का ठेवलास यावर आपण वेगळं बोलू.

आणि जीव फार लावू नकोस कशाला. जिओसिटीज, लोक फुकट आपली वेबसाइट बनवायचे ते, २००९ ला गेलं, ऑर्कुट २०१४ ला, तू तेव्हा लहान होतीस पण तुझ्या आईला विचार ऑर्कुट काय होतं. माझ्या स्वतःच्या चारेकशे खुणा, म्हणजे बुकमार्क, एका सेवेत साठवलेल्या होत्या, बंद करतोय म्हणून त्यांची मेल आलेली, ती मी उघडलीच नाही, जाहिरात समजून. वहीत होतं तेवढं राहिलं. त्यामुळे कुठेही खातं काढताना आधी "एक्सपोर्ट", म्हणजे आपली माहिती परत काढून घ्यायची सोय, कुठे आहे ते शोधायचं, घरात शिरताना मागचं दार बघून ठेवतात तसं. आणि एखादं पान खरंच लागणारं असेल, कॉलेजची नोटीस म्हण, कसला नियम म्हण, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत टाकून ठेव. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबची पानं गोळा करतंय, २००१ पासून ती सगळ्यांना बघता येतात, आणि "सेव्ह पेज नाऊ" मध्ये लिंक टाकली की आजच्या तारखेची प्रत तिथे राहते. नंतर कोणी म्हणालं असं लिहिलंच नव्हतं, तर समोर धरायची. लॉगिनच्या आतली पानं मात्र नाही जात, तिथे आपला स्क्रीनशॉट.

सगळं उपयोगाचंच हवं असं नाही हं, नाहीतर म्हणशील काका म्हणजे नुसती शिकवणी. पॉइंटर पॉइंटर उघड, माउस कुठेही नेऊन थांबव, एक फोटो येतो आणि त्यातल्या माणसाचं बोट बरोब्बर तुझ्या बाणावर असतं. कशासाठी? कशासाठीच नाही. माझ्या नातवाने सलग चाळीस मिनिटं केलं ते. रेडिओ गार्डनमध्ये पृथ्वीचा गोळा फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबलं की तिथलं स्टेशन लागतं, आम्ही मटार सोलताना लावतो. एकदा मॉरिशसवर थांबलो, म्हटलं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं आहेत, काहीतरी ओळखीचं लागेल, कान टवकारून बसलो तर फ्रेंचमध्ये ट्रॅफिकबद्दल काहीतरी. हिला म्हटलं बघ, सगळीकडे कर्वे रोडच आहे.

राहता राहिली हेवन्स-अबव्ह. ती तुझ्या यादीत एकशे अकराव्या नंबरला, "स्पेस, बोअरिंग यूआय" असा शेरा. दिसायला आहेच ती जुनाट, मान्य. पण तिच्यात आपलं ठिकाण पुणे टाक आणि अंतराळ स्थानकाच्या फेऱ्यांचा तक्ता उघड. साधारण ४०० किलोमीटर वरून ते दीड तासात पृथ्वीला चक्कर मारतं, आणि आपल्याकडे अंधार पडलेला असताना वर त्याच्यावर अजून ऊन असतं, म्हणून सूर्यास्तानंतर थोडा वेळ किंवा पहाटे ते चमकताना दिसतं. तक्त्यात वेळ सेकंदापर्यंत असते, दिशा असते, आणि तेजाचा आकडा जितका उणे तितकं ते जास्त चमकतं. लाल दिवा लुकलुकला तर ते लोहगावला उतरणारं विमान, त्याला टाळ्या वाजवू नकोस, मी वाजवल्यात. पावसाळ्यात नादच सोड. मी पहिल्यांदा आईला गच्चीवर घेऊन गेलो होतो, ती तेव्हा ऐंशीच्या घरात, ते वायव्येकडून शांतपणे वर आलं आणि डोक्यावर यायच्या आत पृथ्वीच्या सावलीत शिरून विझलं, तर ती म्हणाली, "आतली माणसं जेवली असतील का रे?" ते पण वहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सात बाराला चांगली फेरी आहे, मी तक्ता बघून ठेवलाय पण तू पण बघ आणि दिशा तूच सांगायचीस. आजीला घेऊन ये, लिफ्ट पाचव्यापर्यंतच जाते, पुढचा एक जिना हळूहळू चढवू. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, ती आधीच मागून ठेव, माझं नाव सांगू नकोस, पंपाचं अजून त्यांच्या लक्षात आहे. आणि दुपारी एक ते चारमध्ये बेल वाजवू नकोस.

तुझा,
काका