मोसंबीच्या बागेसाठी ५,००० लिटरचा टँकर ओढायला १.७ टनाची पिकअप घ्यावी की २ टनाची?

दादा, अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे, विहीर मार्चमध्येच तळ गाठते आणि सहा किलोमीटरवरून ५,००० लिटरचा दोनचाकी टँकर पिकअपला जोडून आणायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी धारूरकडचा. अकरा वर्षं पिकअप चालवतोय. कळकळीनं सांगतो, हा टँकर कुठल्याच पिकअपच्या मागे लावू नका.

१.७ टन पासिंग, २ टन पासिंग म्हणतात ते हौद्यात किती माल भरायचा त्याचं. मागे किती ओढायचं, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या थोराड पिकअप दहा टनांच्या वर ओढतात, पण त्या त्याच कामासाठी बांधलेल्या असतात आणि एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. आपली महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा टाटाची योद्धा पाठीवर ओझं वाहणारी गाडी आहे.

हिशोब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५,००० लिटरचे पाच टन, वर टँकरचं लोखंड, म्हणजे सहा टनांच्या आसपास. रिकामी पिकअप दोन टनांचीही नसते. दहा फुटाला एक फूट असा चढ लागला तर नुसता टँकर सहाशे किलोच्या जोरानं मागे खेचतो. इंजिन एखादवेळेस ओढेलही, क्लच जाळून. पण थांबवणार कोण?

२०१३ च्या दुष्काळात पाहुण्यांच्या पिकअपला मी ३,००० लिटरचा टँकर लावला होता. गळतीनं तो अर्धा रिकामा झालेला. धारूरचा घाट तेलगावच्या बाजूनं उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि आतलं पाणी पुढं आदळलं. गाडी मागून कुणीतरी ढकलावी तशी सरकली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला, पेडल मऊ पडलं. दुसऱ्या गिअरवर, डोंगराच्या अंगाला घासत गाडी थांबवली. शेजारी माझा पुतण्या बसला होता. त्या दिवसापासून पिकअपला हुक लावलेला नाही.

टँकर पूर्ण भरलेला असला तर पाणी हिंदकळत नाही, पण अर्धा असला आणि आत आडवे पत्रे नसले की ते वजन जागेवर राहत नाही. शिवाय हौदा रिकामा असला की पिकअपची मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या काळ्या मातीत जागच्या जागी फिरतात. फोर बाय फोरनं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला, तर पकड वाढेल, ब्रेक वाढणार नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर ओढायला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर भाड्यानं लावला असता. पिकअप घ्यायचीच असेल तर २ टनाची घ्या आणि हौद्यात १,५०० लिटरची टाकी बसवा. बोलेरो मॅक्स एचडी २.० आणि योद्धा २.० या दोन्ही त्या पासिंगच्या आहेत. तुमच्या गावाजवळ ज्याचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, ती निवडा. खेपा जास्त होतील खऱ्या, पण टाकी उतरवली की तीच गाडी मोसंबीचे क्रेट घेऊन जालन्याच्या मार्केटला जाईल.

२,००० लिटरची टाकी मात्र नको. पाण्याचेच दोन टन होतात, टाकी आणि पाणी उपसायच्या मोटरचं वजन वेगळं. जादा माल सापडला तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते. ती नसताना अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

टाकी केबिनच्या पाठीला टेकवून, खाली लाकडी फळ्या घालून चारही कोपऱ्यांना पट्ट्यांनी आवळा. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पट्ट्या सैल पडतात, तेव्हा पुन्हा आवळायला विसरू नका.