वाचकांचे प्रश्न : रेग्युलेटर बदलायच्या आधी गेज लावा

या वेळी सोलापूरहून आलेल्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे: रेग्युलेटर, म्हणजे इंजिनला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग. ऊन चाळिशीपार गेलं की गाड्या रुसतात आणि आळ येतो तो या डबीएवढ्या भागावर. कधी तो खरा असतो, बऱ्याचदा नसतो.

प्रश्न : माझी २००४ सालची पेट्रोल गाडी सकाळी एका सेल्फला चालू होते. दुपारी नवी पेठेत पंधरा-वीस मिनिटं उभी केली की सेल्फ नुसता फिरत राहतो. सात-आठदा मारल्यावर कशीबशी सुरू होते. गार झाली की परत ठीक. गॅरेजवाले रेग्युलेटर बदला म्हणतात. बदलू का? (एक वाचक, विजापूर रोड)

लागला तर बदला, पण आज नको. आधी तो काय काम करतो ते बघू, म्हणजे पुढच्या चाचण्या कशासाठी ते कळेल.

टाकीतला पंप इंजिनला लागतं त्याहून बरंच जास्त पेट्रोल पुढे ढकलतो. ते इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बसवलेल्या नळीत येतं; तिला फ्युएल रेल म्हणतात. रेलच्या टोकाला रेग्युलेटर. त्याच्या आत रबरी डायफ्रॅम, एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोल स्प्रिंगला भारी पडलं की डायफ्रॅम मागे सरकतो, झडप उघडते आणि जादा पेट्रोल रिटर्न पाइपातून टाकीत जातं. तुमच्या गाडीच्या पिढीत हा दाब बहुधा ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे ४३ पीएसआय. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डकडून (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या जोडपाइपाकडून) येणारी बारीक व्हॅक्यूम नळी शोभेची नाही. इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये उघडतं, आणि आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरत असताना, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.६ बारने कमी असतो. रेलचा दाब तोच ठेवला तर आयडलला पेट्रोल जास्त ओढलं जाईल. म्हणून व्हॅक्यूम डायफ्रॅमला मागे खेचतो आणि रेलचा दाब २.४ बारवर उतरतो. पेडल पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम संपतो आणि दाब पुन्हा ३. इंजेक्टरच्या दोन्हीकडच्या दाबांतला फरक कायम राहिल्याने ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा एवढंच ठरवावं लागतं.

आता तुमचा दुपारचा त्रास. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, ब्लॉकची उष्णता वर येते आणि बॉनेटखाली ताप आणखी वाढतो. रेलमध्ये दाब टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. दाब गळाला तर त्याची वाफ होते आणि इंजेक्टर वाफ फवारतात. उलटी शक्यताही असते: एखादा इंजेक्टर ठिबकतो किंवा डायफ्रॅम फाटलेला असतो, आणि मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचून इंजिन ओव्हर होतं.

दोन्हींतला फरक रस्त्यावरच कळतो. पुढच्या वेळी अडली की चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर दाब गळतोय. तसं न होता पेडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारल्यावरच धूर काढत उठली तर पेट्रोल जास्त झालंय. पेडल पूर्ण दाबलेलं असताना बहुतेक ईसीयू सेल्फच्या वेळी इंजेक्टर बंद ठेवतात, त्याचाच हा फायदा.

दाब गळत असेल तर तो मोजायचा गेज लावायचा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेल रिकामी होईल. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. इंजिन गार असू द्या आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. सप्लाय पाइप आणि रेल यांच्यामध्ये टी-जोड देऊन ० ते ७ बारचा गेज बसवा, मग फ्यूज आणि तार परत जोडा. आयडलला २.४ च्या आसपास, व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३, असं दिसलं तर रेग्युलेटर चालू स्थितीत आपलं काम नीट करतोय. नंतर इंजिन बंद करून घड्याळ लावा. दहा मिनिटांनी दोन बारच्या जवळपास असेल तर चिंता नाही. मिनिटभरात काटा शून्याकडे निघाला तर गळती आहे.

ती शोधायला इंजिन पुन्हा चालू करून बंद करा आणि लगेच रिटर्नचा रबरी पाइप क्लॅम्पने दाबा. काटा थांबला तर रेग्युलेटर गळतोय. थांबला नाही तर पुन्हा तेच करून गेजच्या अलीकडे, पंपाच्या बाजूचा पाइप दाबा. आता थांबला तर दोष पंपातल्या नॉन-रिटर्न झडपेचा (ती पेट्रोल मागे येऊ देत नाही). दोन्ही एकदम दाबूनही उतरत असेल तर इंजेक्टर. क्लॅम्प फक्त रबरी पाइपावर लावा, नायलॉनचा पाइप चिरतो. या लक्षणात रेग्युलेटर बदलून काही उपयोग झाला नाही असं होतं, ते बहुधा पंपाच्या झडपेमुळे.

प्रश्न : ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलं, काळा धूर येतो आणि ऑइल न घालताही डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. (वाचक, जुळे सोलापूर)

गाडी आजच उभी करा. ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय, आणि पातळ ऑइलने बेअरिंग जातात. तुमच्या गाडीत रेलवर रेग्युलेटर असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून बघा. आतून पेट्रोल टपकलं किंवा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय, मग गेजचीही गरज नाही. नळी कोरडी असेल तर रिटर्न पाइप कुठे मुडपलाय का, इंजेक्टर ठिबकतोय का, हे बघावं लागेल.

डायफ्रॅम दुरुस्त होत नाही, पूर्ण भाग बदलायचा. वर सांगितल्यासारखा रेलचा दाब काढा, बोल्ट किंवा क्लिप सोडा, जुनी ओ-रिंग (रबरी कडी) रेलच्या भोकात राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. ती आत राहिली आणि नवी वरून बसली तर पेट्रोल हमखास गळतं. नवी ओ-रिंग इंजिन ऑइलचा थेंब लावून सरळ दाबून बसवा. चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून जोड कोरडे आहेत का बघा आणि मगच सेल्फ मारा. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : २०१८ च्या गाडीत बॉनेटखाली रेग्युलेटर सापडतच नाही. तुळजापूरच्या घाटात चौघं बसले की पिकअप जातो, सपाटीला ठीक. गाडीला सीएनजी किट आहे. (वाचक, होटगी रोड)

तो टाकीत आहे, पंपाच्या मोड्यूलमध्येच. जुन्या पद्धतीत परतणारं पेट्रोल इंजिनची उष्णता टाकीत नेई आणि वाफ वाढे, म्हणून नव्या गाड्यांत जादा पेट्रोल टाकीतच सोडतात. दाब साधारण ३.५ ते ४ बार, कायम तेवढाच. मॅनिफोल्डच्या दाबाचा हिशेब ईसीयू सेन्सरवरून करतो.

आयडलला दाब बरोबर आणि चढाला पडतो, हे लक्षण रेग्युलेटरचं कमी, तुंबलेल्या फिल्टरचं किंवा थकलेल्या पंपाचं जास्त. घाटात पेट्रोलवर चालवताना स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा. अधिक १० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला तर पेट्रोल कमी पडतंय असं धरा, मात्र हवेच्या गळतीनेही तो वाढतो, म्हणून गेजने खात्री करा. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर आधी रिले आणि अर्थिंग बघा. नव्या पंपाचे पैसे वाचतील.

आणि सीएनजीचं. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. अनेक किटमध्ये गॅसवर चालतानाही तो फिरत असतो. गॅस स्वस्त म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली की पंप भाजतो. निदान पाव टाकी ठेवा.

प्रश्न : ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावून दाब वाढवला तर पिकअप वाढेल का? (कॉलेजचा विद्यार्थी, सात रस्ता)

नाही. पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून ३ चे ३.५ बार केले तर जेमतेम ८ टक्के. नेहमीच्या चालीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करून बरोबरी करतो. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र तो सेन्सरकडे फारसा बघत नाही, तेव्हा मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं, प्लग काळे पडतात आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. त्या पैशांत चांगले प्लग आणि एअर फिल्टर घ्या.

प्रश्न : हाच गेज डिझेल गाडीच्या रेलला लावता येईल का? (वाचक, अक्कलकोट रोड)

अजिबात नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये आयडललाच शेकडो बार असतात आणि जोर लागला की दीड हजाराच्या पुढे जातात. ७ बारचा गेज फुटेलच, पण त्याहून वाईट म्हणजे चालू इंजिनचा सैल जोड. त्यातून निघालेली धार कातडीतून आत घुसते आणि वरून फक्त टाचणीएवढी जखम दिसते. तसं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना डिझेल आत गेल्याचं सांगा. रेलचा दाब स्कॅनरवरच वाचायचा.