विचारा ताईला : पोराला जंगलात पाठवू का?

प्रश्न : ताई, मुलगा १६ वर्षांचा आहे. वर्षभर शाळा जवळजवळ बंदच, रात्रभर जागा, दिवसा झोप, काही बोललं की दार आपटतो, परवा तर कडीच निखळली. काउन्सेलरकडे तीनदा नेलं, तिथे तो नुसता पायाचा अंगठा हलवत बसून राहिला. आता ओळखीतल्या एकांनी वाइल्डरनेस थेरपीचं सांगितलंय, आठ-दहा आठवडे डोंगरात ठेवतात, मोबाइल नाही, मुलं बदलून येतात म्हणे. पण मुलाला आधी सांगायचं नाही, पहाटे त्यांची माणसं येऊन घेऊन जातील. ऐकूनच पोटात गोळा आला, पण दुसरं काही सुचतही नाहीये. काय करू? – एक आई

उत्तर : त्या गोळ्याचं आधी ऐका. झोपेतल्या मुलाला अनोळखी माणसांनी उचलून न्यायचा प्रकार अमेरिकेत खरंच चालत आलाय, तिथली मुलं त्याला ‘गूनिंग’ म्हणतात, आणि त्यातून गेलेले लोक मोठे झाल्यावरही सांगतात की त्या रात्रीची स्वप्नं अजून पडतात. जे ठिकाण हा मार्ग सुचवतं तिथे पाठवू नका, त्यांचं माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असू दे.

पण सगळं झूट आहे असंही नाही हं. कल्पना जुनी आणि चांगली आहे. १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोवीला शिक्षणतज्ज्ञ कुर्त हान यांनी आउटवर्ड बाउंड ही साहसी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली ती तरुण खलाशांना संकटात तग धरता यावा म्हणून. मग साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या यूटा राज्यात, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, लॅरी डीन ओल्सन नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांना महिनाभर वाळवंटात घेऊन जायला लागले, आणि त्यातून पुढे थेरपीवाले कार्यक्रम निघाले.

यात काम काय करतं सांगू? तुमच्या मुलाला समोरासमोर बसून बोलता येत नाही, पण पाठीवर सॅक घेऊन शेजारी चालताना नजर वाटेवर असते ना, तेव्हा पोरं आपोआप बोलतात. दुसरं म्हणजे काडेपेटीशिवाय आग. धनुष्यासारख्या काठीच्या दोरीत एक सरळ काडी अडकवून ती मऊ लाकडावर फिरवत राहायची, हात भरून येतात, धूर येतो, खाचेत काळा भुसा साठतो आणि त्यात मुगाएवढा निखारा धरतो, तो वाळक्या गवतात घेऊन हळूच फुंकायचा. मी एकदा करून पाहिलंय, दोन तास गेले, तळहाताला फोड आले, आग काही लागली नाही (शेवटी लायटर!). घाई केली की निखारा विझतो, चिडलं की काडी उडते. हे कुणी लेक्चर देऊन सांगायला लागत नाही, आणि ज्या मुलाने वर्षभर फक्त ‘तुला काही जमत नाही’ ऐकलंय त्याच्या हातून जाळ झाला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता दुसरी बाजू. अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपास संस्थेने २००७ मध्ये अशा आणि तत्सम निवासी कार्यक्रमांतल्या १० मुलांच्या मृत्यूंची प्रकरणं खोलात जाऊन पाहिली, १९९० ते २००४ मधली. काही ठिकाणी मूल उन्हाने, पाण्यावाचून कोसळत होतं आणि सोबतचे म्हणत होते नाटक करतंय! २००४ नंतर हे थांबलं असंही नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनात १२ वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री दगावला, नंतर त्या कार्यक्रमाचा परवाना रद्द झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अख्ख्या अमेरिकेसाठी कायदाही झाला, पण तो मुख्यतः अभ्यास करून शिफारशी द्या एवढाच, म्हणजे अजून जबाबदारी पालकांच्याच डोक्यावर.

म्हणून जंगल कसंय ते विचारू नका, माणसं विचारा. थेरपिस्ट खरा लायसन्सवाला आहे का आणि मुलाबरोबर राहतो की आठवड्यातून एकदा येऊन जातो, बाकी दिवस वीस-बावीस वर्षांची गाइड पोरं सांभाळणार असतील तर त्यांचं ट्रेनिंग काय झालंय, मुलाने लिहिलेलं पत्र आधी कोण वाचतं, तो तुमच्याशी एकट्याने फोनवर बोलू शकतो का, आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणाला तर पुढे काय. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टोलवलं तर फोन ठेवून द्या.

आणि त्याआधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, दिवसरात्र उलटणं हे डिप्रेशनही असू शकतं, तो जिवाचं काही बरंवाईट बोलला असेल तर आजच. काउन्सेलरला विचारा, खुर्चीऐवजी चालत चालत बोलाल का, काहीजण तसं करतात. कॅम्पचं मुलाला सरळ सांगा, दोन दिवसांचं छोटं काहीतरी आधी करून बघा. तो तिकडे असेल तेव्हा तुम्ही दोघांनीही काउन्सेलरकडे जायला हवं, नाहीतर तो बदलून येईल आणि त्याच निखळलेल्या कडीच्या दारात उभा राहील.

प्रश्न : वय २०, बायपोलर आहे, लिथियम चालू. स्वतःहूनच अशा प्रोग्रामला जायचंय. चालेल का?

उत्तर : अरे, स्वतःहून जातोयस हे फार चांगलं, पण लिथियमवाल्याने (म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं हे औषध घेणाऱ्याने) डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. घाम, जुलाब, उलट्या यांनी शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि ट्रेकवर अंग दुखलं म्हणून कुणी आयब्युप्रोफेन देतं त्यानेही वाढतं, म्हणून ती गोळी नको. निघण्याआधी रक्तातली लिथियमची लेव्हल तपासून घे. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, बोलणं अडखळलं तर लिथियम वाढलेलं असू शकतं, थकवा समजून चालत राहू नकोस, लगेच दवाखाना. गाइडला हे कागदावर लिहून दे, गोळ्या स्वतः बंद करू नकोस. आणि नवे बूट थेट डोंगरात नकोत, आधी पंधरा दिवस घालून फिर, चावतात फार.