बेटावरचा शेवटचा उंदीर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : कळमन्याला आमचं धान्याचं गोदाम आहे. औषध ठेवलं की महिनाभर उंदीर दिसत नाहीत, मग पुन्हा तेच. परदेशात मात्र अख्खी बेटं उंदीरमुक्त केल्याचं वाचतो. तिथलं औषध वेगळं असतं का? (वर्धमाननगर)

उत्तर : औषधापेक्षा जागेचा फरक मोठा आहे. गोदामातले उंदीर संपवलेत, तरी नाल्यातून आणि शेजारच्या गाळ्यातून नवे येतात. बेटाला चहूकडून समुद्र असतो. तरीही काम हाती घेण्याआधी तीन गोष्टी तपासतात. एकूण एक उंदरापर्यंत आमिष पोचेल का? ते वितात त्याहून लवकर मरतील का? आणि बोटीतून, सामानातून पुन्हा येण्याची वाट बंद करता येईल का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर सुरुवातच करू नये. एक गाभण मादी उरली तरी सगळा खर्च वाया जातो.

न्यूझीलंडच्या दक्षिणेचं कॅम्पबेल बेट ११,३०० हेक्टरचं आहे. २००१च्या हिवाळ्यात तिथे १२० टन आमिष हेलिकॉप्टरने टाकलं. हिवाळाच का, तर तेव्हा खायला कमी असतं आणि पिल्लावळ थांबलेली असते. अशा आमिषाची गोळी धान्याच्या भरड्याची, बहुधा हिरवी किंवा निळी रंगवलेली असते, कारण त्या रंगाकडे पक्षी कमी वळतात. तिच्यात किलोमागे ब्रोडिफॅकम हे विष फक्त २० मिलिग्रॅम. हेलिकॉप्टरखाली बादली टांगलेली असते आणि तिच्या तळाची फिरती चकती गोळ्या फेकते. वैमानिक जीपीएसवर आखलेल्या पट्ट्यांवरून उडतो. शेजारचे पट्टे साधारण निम्मे एकमेकांवर येतील असे आखतात, म्हणजे मध्ये रिकामी जागा राहत नाही. उभ्या कड्यांवर सपाट नकाशातल्या हिशेबाने गोळ्या विरळ पडतात, म्हणून तिथे जादा फेरी लागते. बऱ्याच मोहिमांत काही दिवसांनी दुसऱ्यांदा गोळ्या टाकतात. पहिल्या वेळी बिळात असलेली पिल्लं तोवर बाहेर पडलेली असतात.

झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं झटपट विष इथे चालत नाही. ते काही तासांत त्रास देतं. थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोडिफॅकम रक्त गोठण्याची क्रिया हळूहळू बंद पाडतं. मरण काही दिवसांनी येतं, तोवर उंदीर पोटभर खाऊन बसलेला असतो.

कॅम्पबेल २००३ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं. न उडणारं तिथलं बदक शेजारच्या छोट्या डेंट बेटावर कसंबसं तगून होतं, ते परत आणून सोडलं. पाणलावा मात्र कुणी न आणता जवळच्या खडकाळ बेटावरून आपणहून परतला. या कामात याहून आनंदाची बातमी आम्हाला माहीत नाही.

तुमच्या गोदामासाठी : थप्पी भिंतीपासून हात-दीड हात सोडा, पोती फळ्यांवर रचा. दाराखालची फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. त्याहून मोठ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. दाराच्या खालच्या कडेला पत्रा ठोका. ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या बंद पेटीतच ठेवा आणि मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरा. ते गव्हाणी घुबडाने खाल्ले तर तेही मरतं.

प्रश्न : मग बेटावरचे पक्षी मरत नाहीत का? (धंतोली)

उत्तर : मरतात. दक्षिण जॉर्जिया बेटावर २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत हे काम झालं, तेव्हा मेलेले उंदीर खाणारे स्कुआ पक्षीही दगावले. पण स्थानिक पिपिट पक्ष्याची घरटी उंदीर वर्षानुवर्षं साफ करत होते. ते थांबल्यावर पिपिट पूर्वी उंदीर असलेल्या भागात पुन्हा वाढू लागला. धोका टाळता येतो तिथे टाळलाच पाहिजे. लॉर्ड हाऊ बेटावर २०१९ मध्ये आमिष टाकण्याआधी बहुतेक वुडहेन पक्षी पकडून पिंजऱ्यांत सांभाळले आणि नंतर सोडले. वस्तीत हेलिकॉप्टरऐवजी पेट्या लावल्या.

अपयशही येतं. गॉफ बेटावर उंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंतपणी कुरतडतात. तिथे २०२१ मध्ये आमिष टाकलं आणि त्याच वर्षअखेर पुन्हा उंदीर दिसला. उष्ण प्रदेशात तर काम आणखी अवघड. तिथे खेकडे गोळ्या फस्त करतात, झाडांना बारमाही फळं असतात आणि उंदीरही बारमाही वितात. हेंडरसन बेटावरची २०११ची मोहीम फसली.

प्रश्न : आधी मांजरं काढली तर पक्षी वाचणार नाहीत का? (महाल)

उत्तर : एकाच प्राण्याला काढताना बाकीचे काय करतील, हे आधी मांडावं लागतं. मॅक्वारी बेटावरची मांजरं २०००पर्यंत संपली. पुढे ससे बेसुमार वाढले आणि डोंगरउतार बोडके झाले. ससे कमी करायला मुद्दाम पसरवलेला रोगही तेव्हा कमी परिणामकारक ठरत होता, म्हणून सगळा दोष मांजरांच्या जाण्याला देता येत नाही. शेवटी ससे, मोठे उंदीर आणि लहान उंदीर एकत्रच काढायला घेतले. २०११ मध्ये आमिष टाकलं, उरलेले ससे कुत्र्यांनी हुंगून काढले, आणि २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं.

प्रश्न : पेंचमध्ये चितळ दिसला की आपण खूश होतो. अंदमानात तोच नको, असं का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : पेंचमध्ये चितळामागे वाघ, बिबटे, रानकुत्रे असतात. अंदमानात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चितळ सोडले. तिथे त्यांना खाणारं कुणी नाही. ते रोपं खातात, त्यामुळे जुनं झाड पडलं की जागा घ्यायला नवं उगवत नाही. झाडोरा विरळ झाला की जमिनीवरच्या सरड्यांचा आडोसाही जातो. पण पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तीन तपासण्यांपैकी तिसरी, म्हणजे पुन्हा येण्याची वाट बंद करणं, इथे अडते : चितळ पोहून एका बेटावरून दुसऱ्यावर जातात. शिवाय कायद्याने ते संरक्षित आहेत, विषाचा तर विचारच नको. म्हणून आमच्या मते आधी छोटं, दूरचं बेट निवडावं, तिथले चितळ पकडून हलवावेत, आणि काही गुंठ्यांना कुंपण घालून आत-बाहेर रोपं किती उगवतात ते दरवर्षी मोजावं.