अर्धी खोली आणि बारा डब्यांची गाडी

ताई, मी १९ वर्षांची आहे, कॉलेजला जाते. खोलीत मी आणि धाकटी बहीण, त्यामुळे माझ्या वाट्याला एक पलंग, एक टेबल आणि टेबलाच्या वरचं १२० सेंमी लांब, ३० सेंमी खोल शेल्फ. गेली पाच-सहा वर्षं मी वहीत मॉडेल रेल्वेचे आराखडे काढतेय: मोठं जंक्शन, बारा डब्यांच्या एक्स्प्रेस, दुहेरी मार्ग, डोंगराला वळसा घालून वर चढणारी लाइन, इंजिन शेड. प्रत्यक्षात आहे फक्त एचओ मापाचा (खऱ्याच्या १/८७) एक सेट. एक इंजिन, तीन डबे आणि रुळांचं एक लंबगोल, तेही जमिनीवर मांडून रात्री उचलायचं. आई म्हणते, हे काय वय आहे का याचं? मित्र म्हणतो, स्वतःचं घर होईपर्यंत थांब, आत्ता घेतलेलं सगळं वाया जाईल. बहीण आवाजाने वैतागते. थांबू? त्याहून छोट्या एन स्केलवर जाऊ? की नाद सोडू?
– अर्ध्या खोलीची मालकीण

प्रिय अर्ध्या खोलीच्या मालकिणी,

नाद सोडू नकोस आणि थांबूही नकोस. फक्त ते अख्खं जंक्शन आवळून-चेपून शेल्फवर बसवायच्या फंदात पडू नकोस. छोट्या जागेतले कितीतरी लेआउट (रूळ आणि देखाव्याची मांडणी) याच पायी अर्धवट राहतात: रूळ सगळीकडे, गाडीला उभं राहायला जागा कुठेच नाही. त्यापेक्षा स्वप्नातला एकच तुकडा उचल, तो पूर्ण मापाने बांध, आणि असा बांध की उद्या मोठी जागा मिळाली की जसाच्या तसा तिथे जोडता येईल.

ही पळवाट नाही. जॉन ऍलन या अमेरिकन छांदिष्टाचा ‘गॉरी अँड डिफीटेड’ हा या छंदातल्या सगळ्यात गाजलेल्या लेआउटपैकी एक. १९४० च्या दशकात त्याची सुरुवात साधारण साडेतीन बाय साडेसहा फुटांच्या एका छोट्या लेआउटने झाली. पुढे कॅलिफोर्नियातल्या मोंटेरेच्या घराचं तळघर व्यापणारा प्रचंड लेआउट उभा राहिला, तेव्हा तो जुना तुकडा फेकला गेला नाही, नव्यात सामावला गेला. तुझ्या मित्राला हे सांग. वाया जाते ती वेडीवाकडी बांधलेली वस्तू, छोटी नव्हे.

आता तुझ्या जंक्शनचा हिशेब मांडू. खरा डबा २४ मीटरचा धरला तर एचओमध्ये (१:८७) तो २७६ मिमी होतो आणि एनमध्ये (१:१६०) १५० मिमी. बारा डबे आणि इंजिन मिळून एचओमध्ये जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे नुसता फलाटच तुझ्या खोलीबाहेर जातो. एनमध्येही दोन मीटरच्या आसपास, आणि दोन्ही टोकांचे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) अजून धरलेच नाहीत. पाच डबे आणि इंजिन मात्र एनमध्ये ८७० मिमीत मावतात. मॉडेलवर पाच डब्यांची गाडी चांगली लांब दिसते. मधला एखादा पूल किंवा झाडी तिचा थोडा भाग झाकत असेल तर कोणी डबे मोजत नाही.

वळणांचं गणित त्याहून निष्ठुर आहे. सगळ्यात लांब डब्याच्या दुप्पट त्रिज्या ही अगदी किमान, अडीचपट असेल तर गाडी बिनधास्त धावते, आणि बघायला बरं वाटावं म्हणून तिप्पट हवी. दुप्पट धरली तरी एनमध्ये ३०० मिमी. पूर्ण वळसा घ्यायला ६०० मिमी, वर दोन्ही कडांना ५०-५० मिमी मोकळे, म्हणजे फळी ७०० मिमी रुंद. तुझं शेल्फ ३००. तेव्हा गोल फिरणारी गाडी या जागेत नाही, एनमध्येही नाही. चढाचंही तेच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एनमध्ये साधारण ५० मिमी उंची लागते. २ टक्के चढाने ती गाठायला अडीच मीटर रूळ हवा, शिवाय चढ सुरू होताना आणि संपताना हळूहळू वाक द्यावा लागतो, तो वेगळा. चढ ४-५ टक्क्यांवर नेलास की इंजिन रिकामं चढेल आणि डब्यांसकट जागेवर चाकं फिरवत बसेल. डोंगर पाठच्या पडद्यावर रंगव.

मग उरतं काय? जंक्शनचा मालधक्का. इथे माझा आग्रह आहे तो ‘इंगलनूक सायडिंग्ज’चा. ब्रिटनच्या ऍलन राइट यांची ही रचना, दोन पॉइंट आणि तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एका सायडिंगवर पाच वाघिणी (मालडबे) मावतात, दुसऱ्या दोनांवर तीन-तीन, आणि डबे मागे-पुढे करून लावायच्या पुढच्या शंटिंग लाइनवर इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात. म्हणजे एवढ्याशा फळीवर वर्षानुवर्षं तोच डाव पुन्हा पडत नाही.

मापं एनमध्ये अशी: कपलरपासून (डबे जोडणारा आकडा) कपलरपर्यंत ७० मिमीच्या वाघिणी आणि ९० मिमीचं इंजिन धर. शंटिंग लाइन ३००, पहिला पॉइंट सुमारे १२५, त्यानंतरची मोकळीक ५०, लांब सायडिंग ३५०. झाले ८२५. दुसरा पॉइंट आखूड सायडिंगच्या बाजूला असल्याने याच लांबीत बसतो. एचओमध्ये ११० मिमीच्या छोट्या वाघिणी आणि १४० मिमीचं इंजिन घेतलं तरी हाच हिशेब १३०० मिमीच्या घरात जातो आणि शेल्फ कमी पडतं.

ती ‘मोकळीक’ विसरू नकोस, नवशिक्यांची गफलत तिथेच होते. पॉइंट संपला तिथून सायडिंगची लांबी मोजतात, पण तिथे दोन्ही रूळ इतके जवळ असतात की शेजारच्या वाघिणी एकमेकींना घासतात. तुझ्याकडच्या सगळ्यात रुंद दोन वाघिणी दोन्ही रुळांवर शेजारी-शेजारी ठेव आणि हळूहळू मागे सरकव. जिथे त्या स्पर्श न करता उभ्या राहतात तिथे पेन्सिलची खूण कर. सायडिंग त्या खुणेपासून सुरू होतं. आणि जागा उरली म्हणून सायडिंग सहा किंवा चार वाघिणींची करू नकोस, सगळी मजा त्या तंगीतच आहे. उरलेल्या जागेत गोदाम कर, रस्ता कर.

तर हो, एनवर जा. लांब गाड्या हे तुझं मूळ वेड आहे, आणि पुढे मोठी जागा मिळाली तरी ती आभाळाएवढी नसणार. टीटी (१:१२०) हा मधला मार्ग आहे, पण निवड कमी. एचओचा सेट विकायची घाई नको. त्याच्या रुळावर सोल्डरिंगचा हात बसव, डब्यांवर जुनाट रंग चढवून बघ. शिकताना बिघडलं तर बिघडू दे.

एनचं एक दुखणं मात्र आधीच सांगते. इंजिन हलकं, चाकं बारीक, त्यामुळे रुळावरची जराशी घाण आणि पॉइंटमधला, दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला प्लास्टिकचा निर्जीव फ्रॉग एवढ्यावर ते थबकतं. शंटिंगमध्ये वेग नसतोच, तेव्हा हे सारखं होणार. म्हणून चार चाकांचं गोंडस इंजिन टाळ. दोन बोगींचं, सगळ्या चाकांतून वीज घेणारं घे. पॉइंट धातूच्या, वीज खेळणाऱ्या फ्रॉगचे घे. त्यांना वीज टोकाकडून, म्हणजे सरकणाऱ्या पात्यांच्या बाजूने द्यायची, आणि फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जोड लावायचे. ते विसरलं की शॉर्ट सर्किट ठरलेलं. पॉइंट हलवायला मोटर नकोच. एक साधा डबल पोल स्लाइड स्विच घे: तो तारेने पाती सरकवतो आणि त्याच दणक्यात फ्रॉगची पोलॅरिटी बदलतो. स्विच पात्यांपेक्षा जास्त सरकतो, म्हणून मधल्या स्टीलच्या तारेला एक वेटोळं ठेव. जास्तीची हालचाल ते गिळतं, नाहीतर पात्यांची टोकं उखडतात.

फळी ११५० बाय ३०० मिमी कर, शेल्फच्या पूर्ण लांबीची नको; उचलताना बोटं घालायला जागा लागते. ९ मिमी प्लायच्या ५० मिमी उंच पट्ट्यांची चौकट, आत ३० मिमीचा दाट एक्सपीएस (थर्मोकोलसारखा, पण कडक) फोम, त्यावर ३ मिमी कॉर्क आणि मग रूळ. पार्टिकल बोर्ड नको, जड असतो आणि ओल धरून झोल खातो. फोमला पाण्यात मिसळणारा डिंकच लाव, सॉल्व्हंटवाला फोम खाऊन टाकतो. आडव्या पट्ट्या पॉइंटच्या खाली येणार नाहीत हे आधी बघून घे, स्विचची तार तिथूनच जायची आहे. बहिणीच्या आवाजाचं औषध यातच आहे: जमिनीवरचा रूळ फरशी घुमवतो, कॉर्क आणि चौकटीखालचे चार रबरी पाय ती घुमघुम बरीच कमी करतात. करवत आणि पॉलिश पेपरचं काम तेवढं खोलीबाहेर कर. त्याबाबतीत ती म्हणेल ते बरोबर.

आता तो भविष्याचा सांधा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. शंटिंग लाइनचं टोक फळीच्या कडेपर्यंत ने. शेवटचे १०० मिमी रूळ सरळ, सपाट आणि कडेला काटकोनात हवेत. कडेची पट्टी बनवतानाच दुसरी तिची जुळी पट्टी बनव, दोन्ही एकत्र शिकंजात धरून आरपार भोकं पाड: दोन धातूच्या डॉवेलसाठी (फळ्या नेमक्या जुळवणाऱ्या खुंट्या), दोन एम८ बोल्टसाठी. जुळी पट्टी पुढच्या फळीसाठी जपून ठेव. दुसरी फळी येईल तेव्हा दोन्ही बोल्टने घट्ट आवळूनच रूळ सांध्यावरून सलग टाकायचा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना, तांब्याचा पत्रा असलेल्या पीसीबी (सर्किट बोर्डच्या) स्लीपरवर सोल्डर करायचा आणि मग बारीक करवतीने मधोमध कापायचा. त्या स्लीपरच्या पत्र्यावर दोन रुळांच्या मधे आधीच एक चीर पाडलेली हवी, नाहीतर पुन्हा शॉर्ट. वेगवेगळे रूळ टाकून नंतर जुळवायला गेलीस तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहतोच, आणि एनच्या चाकाला तेवढा पुरतो. वायरिंगचं धोरणही आत्ताच ठरव: खाली १.५ चौरस मिमीच्या लाल-काळ्या दोन मुख्य तारा, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या दोन बारीक तारा. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नकोस, त्या काळ्या पडतात. एका इंजिनाला साधा डीसी कंट्रोलर पुरतो. डिजिटल पुढे घेतलंस तरी हीच वायरिंग चालते.

कपलर आठही वाघिणींना आणि इंजिनाला एकाच जातीचे हवेत. एनचे जुने हुकासारखे कपलर जोडतात झकास, सुटताना मात्र वाघीण उचलायला लावतात. चुंबकाने सुटणारे घे, पण रुळाखाली कायमचं चुंबक पुरू नकोस. हळू जाणारी गाडी नको तिथे सुटते. वर-खाली होणाऱ्या पट्टीवर बसव.

खडी सगळ्यात शेवटी. निदान महिनाभर गाडी उघड्या रुळावर चालव, डबा कुठे घसरतो ते कळू दे. खडी एकदा डिंकाने बसली की रूळ सरळ करणं म्हणजे उखडणंच. पात्यांच्या आसपास डिंकाचा थेंबही जाऊ देऊ नकोस.

आईशी वाद घालू नकोस. सोल्डरिंग, मोजमाप, वायरिंग यांचा पुढे उपयोग होईल असं पटवत बसण्यात अर्थ नाही. तो होईलही, पण तू त्यासाठी हे करत नाहीस आणि ते तिला कळतं. जमिनीवरचा पसारा बंद झाला की अर्धी कुरबूर आपोआप थांबेल.

या आठवड्यात काहीही विकत घेऊ नकोस. वही काढ आणि प्रत्येक आराखड्यात पुन्हा पुन्हा काय आलंय त्यावर खूण कर. पॉइंटचे खऱ्या मापाचे टेम्प्लेट पेको कंपनी छापून घ्यायला फुकट देते, एक्सट्रॅककॅड हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. छापलेले कागद टेबलावर चिकटव, पुठ्ठ्याच्या ७० मिमीच्या आठ पट्ट्या काप, त्यांना क्रमांक दे, चिठ्ठ्या काढ आणि बोटाने शंटिंग कर. चार-पाच संध्याकाळी झाल्या तरी हात थांबत नसेल तर दोन पॉइंट आणि एक चांगलं इंजिन यापासून खरेदी सुरू कर. कंटाळा आला, किंवा वहीतल्या खुणा सगळ्या फलाटावर आणि एक्स्प्रेसवरच पडल्या, तर इंगलनूक सोड. त्याच ११५० मिमीच्या फळीवर आरपार जाणारे दोन सरळ रूळ आणि पाच डब्यांचा फलाट बांध, रूळ दोन्ही कडांपर्यंत ने, आणि जुळ्या पट्ट्या मग दोन बनव.