लाओसला जाऊन लगेच परत?

प्रश्न : माझा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करतो, पण राहतो थायलंडमध्ये, चियांग माईला. मुक्काम संपत आला की म्हणतो, "आई, लाओसच्या बॉर्डरवर जाऊन शिक्का मारून येतो, नवे साठ दिवस मिळतात." जानेवारीत एकदा जाऊन आला, आता पुन्हा निघालाय. हे कायद्यात बसतं का, काका?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, बसतं, पण चिरंजीवांना वाटतं तितकं ऐसपैस नाही. 15 जुलै 2024 पासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय साठ दिवस मिळू लागले आणि आपली पोरं तिकडे स्थिरावली. मात्र रस्त्यानं येऊन असा फुकटचा शिक्का एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. जानेवारीतला पहिला, आत्ताचा दुसरा. म्हणजे यंदाचा कोटा संपला.

आपण इथून सापुताऱ्याला जातो तेव्हाही सीमा ओलांडतोच, पण परतताना बोरगावात कुणी "कशाला आलात?" विचारत नाही. तिकडे विचारतात. मुदत वाढवून मिळते असं पोरांना वाटतं, प्रत्यक्षात तो दर वेळी नवा प्रवेश असतो आणि तो नाकारायचा अधिकार खिडकीतल्या माणसाला आहे. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, रोख वीस हजार बाट, काहीही मागू शकतो. बहुतेकांना काही मागत नाहीत, म्हणून पोरं निर्धास्त असतात.

नाकारलं तर काय, ते ऐका. चियांग खोंगला मेकाँगवर पूल आहे, पलीकडे लाओसचं हुआय साय. लाओससाठी भारतीयांना व्हिसा लागतो. तो पुलापाशी पैसे भरून मिळतो, पण एकाच प्रवेशाचा. लाओसमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो संपला. थायलंड आत घेईना, तर लाओसचा व्हिसा पुन्हा विकत घ्यायचा. इथे नाशकात कॅनडा कॉर्नरला माझं तिकिटांचं ऑफिस होतं, तेव्हा असे फोन यायचे, तेही नेमके रात्री जेवायच्या वेळेला.

त्यापेक्षा सरळ रस्ता आहे. चियांग माईच्याच इमिग्रेशन ऑफिसात टीएम-7 फॉर्म भरून, 1,900 बाट देऊन तीस दिवस वाढवून मागता येतात. तो राहतो तिथल्या घरमालकानं टीएम-30 भरून त्याची नोंद केलीय का, हे आधी बघायला सांगा. अर्ज बहुधा तिथेच अडतो.

आणि वर्षभर राहायचं असेल तर ही पळापळ कशाला? लॅपटॉपवाल्यांसाठीच डीटीव्ही नावाचा व्हिसा 2024 मध्ये निघालाय. पाच वर्षं चालतो, एका प्रवेशात 180 दिवस राहता येतं. खात्यात पाच लाख बाट आणि कंपनीचं पत्र लागतं, अर्ज थायलंडच्या बाहेरून करावा लागतो. दिवाळीला घरी येईल तेव्हा मुंबईच्या थाई वकिलातीकडे ऑनलाइन करता येईल. तुम्हालाही तेवढाच तो दिसेल!

पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो आजच मागवून घ्या. त्यावर जी तारीख असेल तीच खरी, साठचा हिशेब बोटांवर मांडू नका. ती उलटली तर दिवसाला 500 बाट दंड, वीस हजारांपर्यंत.

एवढं सांगूनही निघालाच, तर परत शिरण्याआधी टीडीएसी हे डिजिटल आगमन कार्ड नव्यानं भरायचं. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बनावट समजा.